बशीखालचा तिसरा ग्लास

त्याला घरीदारी सगळे नाकोबा म्हणत, आणि उगाच नाही म्हणत. पिंपाचं बूच काढलं, की हा गडी दोन हात लांबूनच सांगायचा, आतला माल किती मुरलाय आणि अजून किती निजू द्यायचा. धंदाच तसा होता त्यांचा. व्हिस्की गाळायचे दुसरे. हे त्यांच्याकडून सिंगल माल्टची एकेक पिंपं विकत आणायचे, आपल्या गोदामात ठेवायचे आणि वेळ झाली की एका पिंपाच्या निघतील तेवढ्या बाटल्या भरून आपल्या नावाने विकायचे. वेळ झाली की नाही, हे ठरवायचं नाकोबाने. पिंपं निवडणारा थोरला भाऊ आता राहिला नव्हता. वहिनी, तिची लेक आणि नाकोबा, अशा तिघांवर सगळा डोलारा उभा होता.

आणि नाकोबाचं नाकच गेलं होतं.

हिवाळ्यात ताप आला, तो उतरताना वास घेऊन गेला. साबण हुंगा, कॉफी हुंगा, करपलेला पाव हुंगा, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाला, "येईल परत, किंवा नाहीही येणार." वा रे डॉक्टर! एवढं तर कोपऱ्यावरचा न्हावीही सांगेल. नाकोबाने घरात अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? आईबाप गेले तेव्हा तो एवढासा होता. थोरल्याने आणि नुकत्याच लग्न होऊन आलेल्या वहिनीने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. ते ऋण फेडायला देवाने त्याला एकच वस्तू दिली होती. तीही गेली म्हटल्यावर या घरात आपण कोण? खायला काळ अन् भुईला भार.

तरी इतके दिवस निभावलं होतं. कोवळा माल नाकाला चावतो, मुरलेला कमी चावतो, आणि ते चावणं त्याला अजून कळत होतं. जिभेला गोड-कडू समजत होतं. उरलंसुरलं वहिनीच्या बडबडीने भागायचं. पूर्वी चाखायला बसली की ही बाई तोंडातून शब्द काढायची नाही. अलीकडे मात्र ग्लास नाकाशी नेला रे नेला, की सुरूच. "अगं बाई, हिरवं सफरचंद!" नाकोबा तेवढा धागा पकडायचा आणि पुढचं सगळं कापड आपल्या अनुभवातून विणायचा. देव पावला, असं मनात म्हणायचा आणि वहिनीच्या त्या बडबडीला हात जोडायचा.

त्या सकाळी तीन पिंपांचा निकाल लागायचा होता. एक सहा वर्षांचं, एक अकरा वर्षांचं आणि एक सतरा वर्षांचं. सतराचं ते थोरल्याने घेतलेलं शेवटचं पिंप. ते आता उघडलं नाही तर पिंपाच्या लाकडाचा वास मालाला गिळेल, आणि घाई केली तर थोरल्याची आठवण कच्चीच बाटलीत जाईल. नाकोबाला रात्रभर झोप नव्हती.

त्यांची रीत अशी होती, की ग्लास ट्रेमध्ये मांडायचे, वर बश्या झाकायच्या आणि कशात काय आहे ते चाखणाऱ्याला सांगायचं नाही. वहिनीने दिसले तेवढे ग्लास झाकले आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली. खोलीत नाकोबा एकटा पडला. बडबड करायला कोणी नाही!

पहिली बशी उचलली. चावला मेला. हा सहाचा. दुसरा जरा सभ्य निघाला, म्हणजे हा अकराचा. तिसऱ्याची बशी उचलली, नाक आत घातलं, तर चावणं सोडाच, गुदगुलीही नाही. एवढ्यात दारात पुतणी उभी दिसली. तिला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "वा! हा तुझ्या बाबांचा सतराचा. काय शांत झालाय बघ. नाकाला लागतसुद्धा नाही!"

पुतणीच्या हातात एक ग्लास होता. ती बघतच राहिली.

"काका, सतराचा हा माझ्या हातात आहे. तो... तो चहा आहे."

बाटल्या भरायचं यंत्र लावताना महागडा माल वाया जाऊ नये म्हणून त्यात आधी गार कोरा चहा घालून बघायचे. पुतणीने त्या चहाचाच ग्लास सतराचा भरून आणायला जाता जाता ट्रेमध्ये टेकवला होता, आणि वहिनीने सवयीने त्यावरही बशी ठेवली होती.

नाकोबाने ग्लास खाली ठेवला. वहिनी आत आली, ट्रेकडे आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि तिला सगळं उमगलं.

"वहिनी, मी तुला फसवलं गं. माझं नाक गेलंय. हिवाळ्यापासून."

"माहीत आहे, भाऊजी."

"काय?"

"तुमच्या शेजारी दूध करपून कोळसा झालं आणि तुम्ही खुशाल पेपर वाचत होतात. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतेच आहे की तेव्हापासून! घसा दुखला माझा बोलून बोलून."

नाकोबाला आता कुठे उजेड पडला. त्याचे डोळे भरून आले. वहिनीने पुतणीच्या हातातला ग्लास घेतला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"लहानपणी सर्दी झाली की तुम्ही ताट ढकलायचात. चव नाही म्हणायचात. मग मी प्रत्येक घासाला सांगायचे, हा गोड आहे, हा आंबट आहे, हा खरपूस आहे. तेव्हा कुठे जेवायचात. आठवतं? आता तरी मी दुसरं काय करत होते?"

 नाकोबाने नाक पुसलं आणि सवयीने विचारलं, "लाकूड कुठे आहे, पुढे की मागे?"

वहिनीने सावकाश हुंगलं. "मागेच आहे. पण दारापर्यंत आलंय."

"आणि मध?"

"आहे. भरपूर आहे."

"मग थांबायचं नाही. उद्या भरायला घ्या," नाकोबा म्हणाला. पुतणी मान डोलावून यंत्राकडे पळाली. तिचेही डोळे ओले होते.

चाखणारे घोट थुंकून टाकतात. नाकोबाने वहिनीकडून ग्लास घेतला, एक घोट भरला आणि तोंडातच धरून लहान मुलासारखा तिच्याकडे बघत राहिला.

"गोड आहे, भाऊजी," वहिनी म्हणाली. "गिळा."

त्याने गिळला.