आवाज बदलला का?

टीव्हीच्या मागं, भिंतीला पाठ लावून भिंगरी उकिडवी बसली होती. सैल वायर बोटांत धरून. सोडली की पडदा काळा.

"आत्या, बटण दाब!"

"दाबतेय गं, ओरडू नकोस."

आत्याचा पाय मोडल्यापासून भिंगरीचं हेच चाललं होतं. टीव्ही जुना, त्याचा रिमोट केव्हाच मेलेला. आवाज कमी-जास्त करायचं बटण टीव्हीच्या कुशीत, आणि ते दाबायला भिंगरी. जाहिरात लागली, ऊठ. बातम्या लागल्या, ऊठ. शाळा सुटली ती सुटलीच, पण आता घरही सुटेना. छापखान्याच्या बाई म्हणाल्या होत्या, उद्यापासून कामाला ये, नाहीतर दुसरी मुलगी बघते. दादाची एकच अट होती: "आत्याला टीव्ही एकटीनं चालवता आला तर खुशाल जा."

म्हणून दादानं टीव्हीला जोडायचा नवा डबा, सेटटॉप बॉक्स, आणला. त्याच्या रिमोटला जुन्या टीव्हीची ओळख पटवून द्यायची होती. पडद्यावर गाणं वाजे. आवाजाचं बटण दाबायचं, मग प्रश्न येई: टीव्हीचा आवाज बदलला का? खाली 'हो' आणि 'नाही'. 'नाही' म्हटलं की डबा पुढची खूण करून बघे.

दाबता दाबता एकदाचं गाणं दणकन वाढलं.

"वाढला! 'हो' दाब!"

"'नाही' दाबलं."

"का?"

"बदलला कुठं? त्याच बाईचा आवाज होता की. आता काय बाप्या गायला लागला होता?"

भिंगरीनं डोकं मागं भिंतीवर आपटलं आणि हसूच फुटलं. "अगं आत्या, बदलला म्हणजे मोठा झाला का!"

"मग मोठा झाला का असं विचारायचं ना मेल्यांनी."

पुन्हा पहिल्यापासून. गाणं पुन्हा वाढलं. आत्यानं पुन्हा 'नाही' दाबलं.

"अंगठा घसरला गं."

तिसऱ्यांदाही घसरला.

भिंगरीला हसू आलं नाही. केसांचं रबर ओढून तिनं वायर खिळ्याला करकचून बांधली, बाहेर आली, आत्याच्या हातातून रिमोट हिसकावला. पुन्हा सगळं केलं आणि स्वतः 'हो' दाबलं.

"चालला. मुद्दाम करत होतीस ना?"

आत्या पांघरुणाच्या दशा ओढत राहिली. "तू गेलीस की दिवसभर मी काय भिंतींशी बोलू?"

"आणि मी काय टीव्हीचं बटण आहे?"

तेवढ्यात दादा आला. हेल्मेट काखेत तसंच. "जमलं का? दाखव, आत्या."

भिंगरीनं रिमोट आत्याच्या मांडीवर ठेवला. आत्यानं हात लावला नाही. "मला नाही रे जमत. बटणं किती बारीक."

"खोटं! जमतंय तिला, नाटक करतेय!"

"भिंगरे, जीभ आवर. नाही म्हणतेय ना ती? मग नाही. बाईंना फोन करून सांग."

झालं. पुन्हा तोच कोपरा, तीच ऊठबस.

आणि जाहिरात लागली. फरशी पुसायच्या औषधाची. नुसता कल्लोळ.

"कमी कर गं," दादा म्हणाला.

भिंगरी खाली बसली. हाताची घडी घातली.

"ऐकू येतंय का? कमी कर म्हटलं!"

बसली ती बसलीच. दादा स्वतः सरसावला, पण बटण कुठं असतं हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. तो टीव्हीच्या पुढं चाचपत राहिला. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. आत्यानं आधी एक कान झाकला, मग दोन्ही. मग तिचा अंगठा मांडीवर गेला, बरोबर बटणावर, न बघता.

आवाज खाली आला.

दादानं वळून पाहिलं. "जमतंय की तुला!"

"जमतंय," आत्या म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं. मग तिकडूनच विचारलं, "किती वाजता निघणार?"

"आठला," भिंगरी म्हणाली. तिला वाटलं होतं, हे ती ओरडून सांगेल.