माळवस्तीचा मंगळवार

मित्रांनो, मी कागद ओवायची एक जुनी तार आहे. खाली लाकडाची चकती आणि वर वाकवलेले अणकुचीदार टोक, एवढेच माझे शरीर. नगरच्या नबीलाल नावाच्या कारागिराने मला घडवले. त्याच दुपारी त्याने माझ्यासारख्या आणखी अकरा जणी वाकवल्या, त्यामुळे माझ्या जन्माला विशेष काही म्हणता येणार नाही. त्या अकरा जणी किराणा दुकानांत गेल्या. मी मात्र राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत नोकरीला लागले.

माझे खाते आजार-विम्याचे होते. प्रत्येक कामगाराच्या पगारातून महिन्याला एक रुपया कापला जाई. घरातले कोणी आजारी पडले की त्याला कारखान्यावरच्या दवाखान्यात न्यायचे, डॉक्टरांना पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची आणि ती कचेरीत दाखवून पैसे परत घ्यायचे. आजाऱ्याला टोचायचे काम डॉक्टरांचे, चिठ्ठीला टोचायचे माझे. गहिनीनाथ कारकून रोज संध्याकाळी चिठ्ठ्या माझ्यात ओवत. ते हे काम इतके जपून करीत की बघणाऱ्याला वाटावे, चिठ्ठीलाच ताप आहे.

एकोणीसशे एकाहत्तर साली विम्याच्या समितीने एक नर्सबाई नेमायचे ठरवले. एकच. तिला बसवायचे कुठे, हा प्रश्न होता. एक जागा दवाखान्याला लागून असलेल्या कामगार वसाहतीत, दुसरी माळवस्तीवर. माळवस्ती म्हणजे कारखान्याच्या शेतीवर राबणाऱ्यांची वस्ती, बारा मैलांवरची.

समितीचे चिटणीस श्रीमंतराव मोठे अभ्यासू. अंदाजाने बोलणे त्यांना पटत नसे. त्यांनी मला टेबलावर घेतले आणि गहिनीनाथांकडून त्या वर्षाच्या आतापर्यंतच्या चिठ्ठ्या मोजून घेतल्या. वसाहतीच्या निघाल्या दोनशे चौदा, माळवस्तीच्या नऊ. घरे दोन्हीकडे सारखीच.

श्रीमंतरावांनी टिपण लिहिले की माळवस्तीची हवा उत्तम असून तेथे आजार जवळजवळ नाही. पुढे असेही लिहिले की वसाहतीची चिठ्ठी दोन-अडीच रुपयांची असते, माळवस्तीची मात्र वीस-पंचवीसच्या खाली येत नाही. सबब तेथील लोक क्वचित आजारी पडतात, पण पडले म्हणजे उधळेपणा करतात. एकूण हिशेबाने दवाखान्याच्या जितके जवळ जावे तितका आजार वाढत होता. दवाखाना बंद करावा, असे त्यांनी सुचवले नाही, हा त्यांचा संयम.

आता माळवस्तीवर साळूबाई नावाची खुरपणारी बाई होती. तिची सून कडूबाई पोटुशी होती. आदल्या वर्षी कडूबाईचे पहिले मूल दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेले होते. म्हणून नर्सबाई माळवस्तीला यावी, एवढेच साळूबाईला हवे होते. कारखान्यावर आली की ती दर खेपेला कचेरीत येई आणि गहिनीनाथांना विचारी, "भाऊसायेब, ठरलं का?" ते म्हणत, ठरायचे आहे. मग ती थोडा वेळ माझ्याकडे बघत बसे. मी लोंबकळत राही. माझ्याकडून दुसरे काय होणार?

समितीच्या बैठकीच्या दिवशी गहिनीनाथांनी माळवस्तीच्या नऊ चिठ्ठ्या माझ्यातून काढून वेगळ्या लावल्या. ऑगस्टच्या तीन होत्या, तीन तारीख, दहा तारीख आणि चोवीस तारीख. त्यांचा हात थांबला. ते उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. परत आले, दुसरी चिठ्ठी घेतली, पुन्हा गेले. अशा नऊ फेऱ्या झाल्या. नऊच्या नऊ चिठ्ठ्या मंगळवारच्या निघाल्या.

बैठकीत त्यांनी हे भीत भीत सांगितले. श्रीमंतरावांनी स्वतः कॅलेंडर मागवून खात्री करून घेतली. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले की मंगळवारीच आजार होतो याचा अर्थ ही माणसे सोमवारी काहीतरी वावगे खातात. चौकशी नेमावी.

सुदैवाने तोही मंगळवारच होता आणि साळूबाई बाहेर ओट्यावर बसली होती. तिला आत बोलावले. श्रीमंतरावांनी विचारले की तुमच्याकडे मंगळवारीच कसे आजारी पडतात. साळूबाईने पदर सावरला आणि सांगितले की मंगळवारी कारखान्यावर बाजार असतो, त्या दिवशीच भाजीचा ट्रक माळवस्तीवरून येतो. एरवी यायला काही नाही. बैलगाडीने पहाटे निघावे तर दुपार होते.

"आणि बुधवारी कुणी आजारी पडलं तर?"

"मंगळवारची वाट बघायची, सायेब."

"अहो, पण सहा दिवस?"

"सहा दिसांत मानूस बरं हुतंय. न्हाईतर मग डागदराचं काम ऱ्हात न्हाई."

पंख्याने दोन चिठ्ठ्या उडाल्या, त्या गहिनीनाथांनी उचलल्या. श्रीमंतरावांनी त्या नऊ चिठ्ठ्या पुन्हा एकेक करून तपासल्या. ते कागदाला मानणारे गृहस्थ होते, आणि आज कागदानेच त्यांना तोंडघशी पाडले होते. शेवटी त्यांनी आपले टिपण फाडले. नर्सबाई माळवस्तीला गेली.

पुढे काय झाले असेल? दोन महिन्यांत माळवस्तीच्या चिठ्ठ्या नऊवरून एक्कावन्न झाल्या. सोमवार, बुधवार, शनिवार, सगळ्या वारांच्या. बहुतेक दीड-दोन रुपयांच्या. समितीतल्या एकाने शंका काढली की नर्सबाई गेल्यापासून तिथे रोगराई वाढली. त्याला उत्तर श्रीमंतरावांनीच दिले, आणि जरा कडक दिले.

मित्रांनो, आता माझ्या जागी फायली आल्या आहेत. मी कोठीत एका खिळ्याला टांगलेली असते, अंगाला गंज चढला आहे. मला तेल लावा असे मी म्हणणार नाही. मला ते कधी कुणी लावले नव्हते. एवढेच मागणे आहे की उद्या तुम्ही मोठे व्हाल, कचेऱ्यांत बसाल, माझ्यासारखीवर ओवलेले कागद मोजाल. ते जरूर मोजा. पण जे कागद माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचीही चौकशी करा. तारेला ते दिसत नाहीत. तुम्हाला पाय आहेत, तुम्ही बारा मैल जाऊन या.

माझ्यात ओवलेल्या शेकडो चिठ्ठ्यांपैकी एक मला पाठ आहे. नर्सबाईंच्या हातची. 'कडूबाई, माळवस्ती. बाळंतपण. मुलगी. दोघी सुखरूप. १९ नोव्हेंबर.' गहिनीनाथांनी ती ओवण्याआधी कॅलेंडर पाहिले होते. शुक्रवार होता.