नायकाचा हात

आमच्या बंजारा तांड्यात नायकाचा हात लागल्याशिवाय काही सुरू होत नाही. होळीची काडी, लेंगीच्या नाचातली पहिली थाप, पंगतीतला पहिला घास, सगळं त्याच्यापासून. आमचे बा, नेमसिंग, तांड्याचे नायक. लहानपणी मला या गोष्टीचा भारी तोरा होता.

माझा भाऊ बादल आर्णीच्या पोरांना घेऊन बँड वाजवायचा. ग्लॅम रॉक म्हणायचा तो त्याला. ओठांना लिपस्टिक, गालांवर चमकी, उंच टाचेचे बूट आणि इलेक्ट्रिक गिटारवर आमची लेंगी, होळीची गाणी. त्याचं आरशांचं जाकीट याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, स्वतःच्या लग्नातली आरशांची चोळी, कांचळी, उसवून शिवलं होतं. बाहेर पोरं त्याच्यावर जीव टाकायची. तांड्यात मात्र एका होळीला तो तसाच सजून स्टेजवर चढला, आणि लोकांनी त्याला दगडांनी मारलं. दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. मी तेव्हा सासरी होते.

पहिला दगड कोणी मारला, एवढंच याडी तेव्हापासून विचारत राहिली. पोलिसांना जमावानं मारलं असं सांगितलं गेलं, तिलाही तेच. "अंधार व्हता, सुखीबाई. कोनाले दिसते?" दिसायला सगळ्यांना दिसलं होतं. मिठाची गुळणी धरून बसले होते मेले.

यंदा राळेगावची समीक्षा बादलवर सिनेमा काढायला आली. बा नको म्हणत होते. याडीनं मात्र पेटी उघडून जाकीट काढून दिलं. मला म्हणाली, "सारे पुन्हा एका जागी उभे राह्यतीन, संगीता. कोनी तं चुकन."

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी तोच दगडांचा प्रसंग होता. स्टेजवर बादलचं जाकीट घातलेला नट, पियुष. खाली तांड्यातलीच माणसं, रोजानं आलेली, हातात स्पंजचे दगड. बा समीक्षाशेजारी खुर्चीत. तिनं 'अ‍ॅक्शन' म्हटलं, पियुष गाऊ लागला. कोणाचाच हात हलेना.

"मारा ना," ती म्हणाली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. सगळे बांकडे बघत उभे.

"काका, अडचण काय आहे?" तिनं पुढे उभ्या असलेल्या उत्तमसिंगकाकांना विचारलं.

"नायकानं मारल्याबिगर आमी कसं मारावं, बाई?" काका सहज बोलून गेले. "तवाही पह्यले नायकानंच..." आणि त्यांनी जीभ चावली.

याडी शांतपणे उठली आणि बांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"म्या ढेकूल फेकलं व्हतं," बा म्हणाले. मान वर होत नव्हती. "निस्तं ढेकूल. त्यानं खाली उतरावं म्हनून."

"तुमचं ढेकूल, त्यायचे दगड," याडी म्हणाली. "तुमचा हात उठला का काय व्हते, तुमाले मालूम नोतं?"

बांना मालूम होतं. मला त्या माणसाची किळस आली, मग दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

याडी स्टेजवर चढली. पियुषच्या अंगावरच्या आरशांवरून तिनं एकदा हात फिरवला आणि त्याच्यापुढे आडवी उभी राहिली.

"मारा, नायक. आता तं उजेड हाय."

बा खुर्चीतून धडपडत उठले. "नको, खाली ये," म्हणत त्यांनी हात वर केला.

तांड्यानं नायकाचा हात उठलेला पाहिला. चारी बाजूंनी स्पंजचे दगड सुटले, याडीच्या कपाळावर, छातीवर, ओढणीवर. पियुष तिला मागे ओढत होता, पण ती हलली नाही. डोळे न मिटता ती मारणाऱ्या एकेकाचं तोंड बघत राहिली.

दगड संपेपर्यंत कोणी थांबलं नाही. बांचा हात अजून वरच होता.