सुपाचा वारा

माघातल्या त्या पंधरवड्यात सुगंधाच्या घरातलं सूप पाखडायला म्हणून कधी जागेवर सापडलंच नाही. ते मोटारीत असायचं.

तसं पाहिलं तर खोड तिचीच. जळगावात स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला गिरधरचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि मागच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार. पाळधीच्या बाजाराहून येताना नवं सूप तिच्या मांडीवर होतं. गाडी वेगात होती, हात मोकळा होता, म्हणून तिने सूप खिडकीबाहेर धरलं. पसरट बाजू वाऱ्याकडे झाली तर सूप हातातून उपटून जायला बघे. कड वाऱ्याकडे केली की लोण्यातून सुरी जावी तसं अलगद चाले.

"अहो, बघा तरी गंमत!"

गिरधरने बघितलं आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली. मग उतरून आपल्याच गाडीच्या तोंडासमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. लष्कराच्या लिलावातली ती जुनी गाडी, पुढे दाराएवढी जाळी. जाळीमागे पाण्याची टाकी, म्हणजे रेडिएटर.

"सगळा वारा हिच्या तोंडात अडतोय," तो म्हणाला. "तोतारामची गाडी पुढे जाते ती काही उगाच नाही."

तोताराम धुळ्याचा. त्याच्याकडे नवीकोरी विलायती मोटार होती आणि तिच्याहून मोठं तोंड. दरवर्षी नरडाण्याच्या अलीकडे बैलांचा पट, म्हणजे शर्यत, भरे. त्या वर्षी पंचांनी ठरवलं, बैलांचं झालं की आग्रा रोडवर मोटारींचाही पट लावायचा. दोन फर्लांग, सरळ रस्ता, उभ्या जागेवरून सुटायचं. तोतारामने चारचौघांत गिरधरला डिवचलं, आणि गिरधरने हो म्हटलं.

ही बातमी अमळनेरकडच्या गावी पोचली तशी चुडामण आबा, गिरधरचे वडील, पहिल्या एस.टी.ने आले. गॅरेजात उभं राहून त्यांनी तेलकट जमिनीकडे असं पाहिलं, जसं कुणी बोंडअळी लागलेल्या कपाशीकडे पाहतं.

"ना नांगर, ना बैल. हाऊ काय धंदा शे, गिरधर?"

"आबा, चाललंय बरं."

"बरं म्हंजे काय? पट जिकना तं गॅरेज तुनं, मी परत बोलाव नही. हारना तं गुपचूप वावरमा ये."

गिरधरने वडिलांना शब्द दिला. आतल्या खोलीत सुगंधाच्या हातातली पाटी तशीच राहिली. चैत्रात तिची फायनलची परीक्षा होती. पास झाली की मास्तरीण होता येणार होतं. गावी शाळा होती चौथीपर्यंत. तिथे गेलं की पाटी माळ्यावर, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने पाटी खाली ठेवली आणि गजराचं घड्याळ घेऊन गॅरेजात आली.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाळधीच्या रस्त्यावर तालीम सुरू झाली. गिरधर गाडी हाणायचा, सुगंधा शेजारी घड्याळ धरून तारेचे खांब मोजायची, आणि वाऱ्याचा अंदाज घ्यायला सूप मागच्या सीटवर असायचं. जाळी उघडी असली की दहा खांबांना जेवढे ठोके लागत, त्याहून जाळीवर पत्रा ठोकल्यावर तीन ठोके कमी लागले. गिरधरने स्टिअरिंगवरच ताल धरला. पण ते फक्त पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेला परतीच्या वाटेवर बॉनेटमधून अशी वाफ निघाली की समोरून येणारा बैलगाडीवाला बैल सोडून बाभळीमागे गेला.

पत्रा काढला की गाडी थंड पण सुस्त. पत्रा लावला की गाडी चपळ पण तापट. अर्धा लावला तर ना धड हे, ना धड ते. चार दिवस गिरधरचं जेवणात लक्ष नव्हतं.

"नुसत्या तोंडाचं काय घेऊन बसलात?" पाचव्या दिवशी सुगंधा भाकरी थापता थापता म्हणाली. "चुलीला मागे वैल असतो की नाही? तो बुजवला तर तोंड कितीही उघडं ठेवा, धूर डोळ्यांतच येतो. आत गेलेला वारा तुमच्या गाडीत बाहेर कुठून पडतो?"

गिरधर तवा, वैल आणि बायको यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग तसाच उठला.

"अहो, भाकरी!"

"ठेव झाकून!"

संध्याकाळपर्यंत त्याने बॉनेटच्या दोन्ही कुशींना माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा पाडल्या, मागच्या अंगाला उघडणाऱ्या. पुढच्या पत्र्याला खाली चार बोटं रुंदीची फट ठेवली. त्या फटीतून शिरलेला वारा इकडेतिकडे न भटकता टाकीतूनच जावा म्हणून कडेने गोणपाट कोंबलं. सकाळी घड्याळ बोललं, उघड्या जाळीपेक्षा दोन ठोके कमी! आणि तीन खेपा झाल्या तरी टाकीचं झाकण गप्प.

"मास्तरीणबाई," गिरधर म्हणाला, "पटाला तुम्ही यायचं."

पटाच्या दिवशी नरडाण्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी माणूस उभा होता. भेळ, रेवड्या, बैलांच्या शिंगांना लावलेला गुलाल, सगळीकडे एकच गलका. आबाही आले होते, उपरणं खांद्यावर टाकून, थोडे लांब. मुलगा हरलेला बघायला आलोय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं आणि विचारेल त्याला ते तसं सांगतही होते.

दोन्ही गाड्या रेघेवर आल्या. हळदकुंकू झालं, नारळ फुटले. गिरधर इंजिन बंद करायला वाकला तसा पंचांनी हात वर केला.

"हां हां! पूजलेली जोडी जुवाखालून सोडत नसतात. तसंच इंजिनाचं. बंद पडलं तो बाद!"

बैलांचा नियम मोटारींना लागला. आणि मग पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला. एक हार, दुसरा हार, मग पाहुणे बोलायला उभे राहिले आणि नांगरापासून विमानापर्यंत आले तरी थांबेनात.

सुगंधा टाकीच्या झाकणाकडे बघायला लागली. तालमीत गाडी कधी उभी राहिलीच नव्हती! धावताना चार बोटांच्या फटीतून पुरेसा वारा जायचा. पण उभ्या गाडीला वारा कुठला? इंजिनाचा पंखा ओढून ओढून किती ओढणार? टाकीच्या झाकणातून सुईसारखी वाफ निघाली.

"काय गिरधरभाऊ," तोताराम खिडकीतून ओरडला, "चहा टाकलाय का? माझ्यात साखर कमी!"

लोक हसले. गिरधर घामाने निथळत होता.

सुगंधाने मागच्या सीटवरचं सूप उचललं, पदर खोचला आणि सरळ रेघेवर जाऊन गाडीपुढे उकिडवी बसली. फटीत सुपाने वारा घालू लागली. बायकांत खसखस पिकली. एक पंच म्हणाला, "अहो ताई, पटात बाया..." दुसरा म्हणाला, "इंजिन चालू आहे ना? मग नियमात बसतं."

पण तिचे हात लगेच भरून आले. सूप वेडंवाकडं पडू लागलं, वारा फटीत कमी आणि तिच्याच तोंडावर जास्त. वाफेची सुई पुन्हा दिसली.

लांब उभे असलेले आबा चुळबुळ करत होते. चाळीस वर्षं खळ्यावर त्यांनी ज्वारी उफणलेली. ऐन उफणणीत वारा पडला की सुपाने वारा घालून भुसा उडवण्यात त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी एकदा मान फिरवली. पुन्हा पाहिलं. मग राहवेना.

"असा वारा देतंस का वं पोरी? आठे दे ते सूप. सरक!"

सुगंधा सरकली. आबांनी पाय रोवले, मनगट सैल सोडलं, आणि मग काय ते सूप चाललं! संथ, एका तालात, प्रत्येक झोत फटीत नेमका. कुशींच्या चिरांतून गरम हवा बाहेर पडू लागली. वाफ आधी बारीक झाली, मग थांबली. पाहुण्यांचं भाषण विमानावरून परत शेतीवर आलं तेव्हा लोक पाहुण्यांकडे न बघता आबांकडे बघत होते.

अखेर निशाण वर गेलं. आबा सूप घेऊन बाजूला झाले आणि निशाण पडलं.

पहिल्या फर्लांगाला तोताराम पुढे होता. दुसऱ्यात वेग चढला, त्याच्या गाडीच्या उघड्या तोंडात वारा भरला, आणि गिरधरची जुनी गाडी, सुपाची कड वाऱ्यात शिरावी तशी, त्याला मागे टाकून पुढे सरकली. शेवटच्या रेघेवर ती एका बॉनेटाने पुढे होती. रेघेपलीकडे पन्नास पावलांवर तिचं झाकण उडालं आणि वाफेचा खांब आभाळात गेला.

"आबा," तोताराम परत येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"वारा पडना का माले सूप हातमा लेनंच पडस," आबा ओशाळून म्हणाले. मग धापा टाकत आलेल्या गिरधरकडे वळले. "गाडी तं उकळी गई तुनी."

"रेघ ओलांडल्यावर, आबा."

आबांनी वाफेकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. दिलेला शब्द दिलेला होता. उपरण्याने मान पुसून ते सुगंधाकडे वळले.

"परीक्षा कधय शे तुनी?"

"चैतात, आबा."

"मंग हाई सूप गाडीमाच राहू दे," त्यांनी सूप तिच्या हातात दिलं. "घर दुसरं मी लई येसू."

आणि चैत्रात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, काखेत नवं सूप घेऊन ते पहिल्या एस.टी.ने आलेही.