वाघरू ज्या डब्याला भ्यालं
मित्रांनो, पोचा नाही अशी जागा माझ्या अंगावर सापडणार नाही. मी एक जुना पत्र्याचा तेलाचा डबा आहे. सांगलीच्या एका दुकानात रिकामा झालो आणि शिराळ्याकडे, डोंगराखालच्या राहीबाईच्या वस्तीवर आलो.

तिचा नवरा जोतीराम पलटणीत. शाळूची राखण तिच्याकडेच. शेतातल्या माळ्यावर उभी राहून ती मला काठीने बडवायची आणि पाखरांचा थवा भुर्रकन उडायचा.

१९७४ च्या थंडीत उसातून वाघरू बाहेर आलं. आमच्याकडे बिबट्याला वाघरूच म्हणतात. गोठ्यातल्या कालवडीवर त्याची नजर होती. राहीबाईने मला असं बडवलं, की ते शेपूट घालून पळालं.

"वैनी, ह्यो डबा न्हवं, बंदूक हाय बंदूक!" शेजारचा आकाराम म्हणाला.

डबा हाताशी असावा म्हणून तिने मला गोठ्याच्या मेढीच्या खांबाला आडवं टांगलं. सुगी सरली. मग एक दयाळ पक्ष्याची मादी आली. मूठभर जीव! काड्या आणि केस आणून तिने माझ्या पोटात घरटं केलं. नर सकाळी छपरावर बसून गायचा. मला नवल वाटायचं. एवढं मोठं वाघरू मला भ्यालं आणि ही चिमुकली माझ्यात निर्धास्त बसते! पण तिने माझा आवाज कुठे ऐकला होता?

वैशाखात, दिवेलागणीला, वाघरू पुन्हा उसाच्या कडेला दिसलं. कालवड दावं ओढू लागली.

"आवं वैनी, बडवा की डबा!" आकाराम बांधावरून ओरडला.

राहीबाईने काठी उगारली. मला धक्का लागला, तशी आई आली समजून पिल्लांनी चोची उघडल्या. राहीबाईचा हात थांबला.

"न्हाई बडवायची. आत लेकरं हायती."

"पाखरांपायी कालवड घालवतासा व्हय?"

"कालवड बी न्हाई जायची. भावजी, तुमी बोंब तरी मारा!"

ती घरात धावली, लग्नातली पितळी परात घेऊन उसाकडे गेली आणि जीव खाऊन बडवू लागली. आकारामही बोंबलत धावला. वाघरू गेलं.

जोतीराम रजेवर आला. "परातीला पोचा कशानं पडला गं?"

"त्या डब्याला इचारा," ती हसून म्हणाली. तोवर पिल्लं उडून गेली होती.

मित्रांनो, वाघरू मला भ्यालं, ही गोष्ट लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले. मला मात्र आठवतं ते माझ्या पोटातलं ऊबदार ओझं. तुमच्या परड्यात एखादा जुना डबा पडला असेल, तर भंगारात देण्याआधी आत एकदा डोकावून बघा.