स्कॅन ४७१ ला नाव मिळाले

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. एका रुग्णालयाच्या फरशीखालून पाण्याचे नळ कसे जातात, ते माझ्या अंगावर निळ्या शाईने काढलेले आहे. मला काढणारे आरेखक काका फार टापटिपीचे. रेघ केसभर चुकली, तरी पुसून पुन्हा ओढायचे.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. प्लंबर मला टेबलावर पसरायचे आणि मी गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर पाने-पकडी ठेवायचे. पुढे काका निवृत्त झाले. मग सगळे कागद स्कॅन करून संगणकात भरायचे ठरले. काचेखालचा उजेड अंगावरून सरकला, तेव्हा मला अगदी गुदगुल्या झाल्या! पण घाईघाईत माझे नाव पडले ‘स्कॅन ४७१’. शेजारी ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘शेवटचे’, ‘खरेच शेवटचे’ अशी भावंडे. एवढ्या गर्दीत मला कोण विचारणार? कित्येक वर्षे कोणी मला उघडलेच नाही.

मग दफ्तर सांभाळायला एक नव्या ताई आल्या. त्या एकेक कागद उघडून वाचायच्या आणि तो कशाचा, कोणी केला, कधीचा, कोणत्या इमारतीचा, हे त्याच्या नोंदीत भरायच्या. या माहितीला मेटाडेटा म्हणतात.

“अहो ताई, कागद काय पळून चाललेत का?” रुग्णालयाचे साहेब हसून म्हणाले.

“पळत नाहीत साहेब, पण हाक मारली तर ओ द्यायला नाव नको का?”

माझ्यापाशी मात्र ताई अडल्या. हुबेहूब माझ्यासारखा आणखी एक नकाशा होता. फक्त पाणी बंद करायची झडप त्यात भिंतीजवळ होती आणि माझ्यात जिन्याखाली. तारीख दोघांवरही नव्हती. ताईंनी सरळ काकांना फोन करून बोलावले. काका काठी टेकत आले आणि पडद्यावर मला पाहताच खुलले.

“हा नंतरचा! झडप हलवल्यावर मीच काढला. तो दुसरा विसरा.”

ताईंनी माझे नाव ठेवले ‘जुनी इमारत, पाण्याचे नळ आणि झडप’ आणि नोंदीत लिहिले, ‘सुधारित’. दुसऱ्याच्या नोंदीत, ‘जुना, वापरू नये’.

पुढच्याच महिन्यात, भर सकाळी मोठा नळ फुटला. पाणी शस्त्रक्रियेच्या खोलीकडे धावू लागले आणि आत रुग्ण टेबलावर होता. झडप भिंतीतच असेल असे समजून नवा प्लंबर हातोडा घेऊन तिकडे निघाला. ताईंनी ‘जुनी इमारत, पाणी, झडप’ असे लिहून शोधले, तर काही क्षणांत मी पडद्यावर हजर!

“भिंत फोडू नका!” ताई ओरडल्या. “जिन्याखाली, डाव्या हाताची चौथी फरशी!”

फरशी उचलली. झडप फिरली. पाणी दारापासून दोन हातांवर थांबले. आत डॉक्टरांना काही कळलेसुद्धा नाही.

विजार गुडघ्यापर्यंत दुमडून साहेब पाण्यात उभे होते. “ताई,” ते म्हणाले, “माझ्या टेबलावरच्या ढिगाऱ्यालाही नावं द्या हो!” सगळे खो खो हसले. संध्याकाळी ताईंनी फोनवर सारी हकीकत सांगितली, तेव्हा काका हळूच म्हणाले, “म्हणजे अजून कामाला येतोय तो.”

मित्रांनो, कागद नुसता कोंबून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. तो कोणाचा, कशाचा, कधीचा, एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. तेवढी आमच्यासाठी काढा. कोणाच्या तरी अडचणीच्या वेळी धावून जायला आम्हालाही फार आवडते.