चिमणीचा शेवटचा पेपर

"नाही म्हणजे नाही! मिरची झाडावर लाल होऊन गळायला लागलीय, अन् माझी नात तुझ्या पोरीचे पेपर लिहीत बसणार?" शेजारच्या म्हातारीनं अंगणातूनच आवाज चढवला.

चिमणीची आई दारातच थिजली. अकरा वाजता चिमणीचा बारावीचा शेवटचा पेपर होता. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ती उत्तरं सांगायची आणि म्हातारीची अकरावीतली नात लिहायची. लिहिणारी म्हणून फॉर्मवर नातीचंच नाव, तिचाच फोटो; ऐनवेळी दुसरं कुणी चाललं नसतं. चिमणी पास झाली की शहरात फोनवर बोलायच्या कामाचं शिक्षण मिळणार होतं, राहण्याखाण्यासकट.

"मावशी, एवढा एकच पेपर राहिलाय हो."

"मागच्या चारही वेळेला हेच म्हणालीस. दुपारी गाडी येणार माल न्यायला. पोती काय तुझी पोर भरणार?"

"मी भरते! तिच्या वाटच्या सऱ्या मी तोडते, वर दोन जास्तीच्या. पण तिला सोडा. पाया पडते तुमच्या."

म्हातारी तणतणत "जा मर" म्हणेपर्यंत बस निघून गेली होती. दोघी पोरी हात धरून धावत सुटल्या आणि दूधवाल्याच्या टेम्पोत चढल्या.

आई मिरचीत शिरली. ऊन डोक्यावर आलं, बोटांची आग आग झाली. घाम पुसताना हात डोळ्याला लागला आणि डोळे असे झोंबले की समोरचं झाड दिसेना. तशीच चाचपडत ती तोडत राहिली.

"अगं, हिरवी कशाला ओरबाडतेस!" म्हातारी बांधावरून ओरडली.

संध्याकाळी चिमणी आली ती उंबऱ्यातच बसली.

"अर्धा तास उशीर झाला. आत घेतलं, पण गेलेला वेळ काही परत दिला नाही. मला सगळं येत होतं गं आई. मी भराभर सांगत होते, तिचा हात पुरेना."

निकाल लागला. त्याच पेपरात तीन गुण कमी पडले.

"फेरपरीक्षा आहे," हेडमास्तर म्हणाले. "लिहायला कुणीतरी बघा."

"शेजारच्या मावशींची नात आहे की."

"ती आता बारावीत गेली, बाई. लिहिणारी खालच्या वर्गातली लागते. नियम आहे तसा."

"मग खालच्या वर्गात कोण आहे?"

हेडमास्तरांनी हजेरीपट चाळला. "तुमच्या गावची दहावीत एक मुलगी आहे. पण तिचा बाप तिला वीटभट्टीवर नेतो. शाळेतच धड येऊ देत नाही, परीक्षेला कुठला पाठवतोय!"

आईनं पदर खोचला, चिमणीचा हात धरला आणि भट्टीची वाट धरली.

"आई, तिच्या वाटच्या विटा मी उचलीन," चिमणी म्हणाली. "विटा उचलायला कुठे दिसावं लागतं?"

आईनं तिचा हात घट्ट धरला आणि पाय उचलला.